गायबाना शागीर्द : टपालातून लेखन शिकण्याचा एक इतिहास

इक्बाल यांच्या 'बांग-ए-दरा' या उर्दू काव्यसंग्रहाला (१९२४) सर अब्दुल कादिर यांची प्रस्तावना आहे. 'मखजन' या मासिकाचे हे संपादक इक्बालांचे जुने स्नेही. या प्रस्तावनेतला एक तपशील साहित्याच्या विद्यार्थ्यांच्या नजरेतून सहसा निसटतो. सियालकोटचा तरुण इक्बाल आपल्या गझला दुरुस्तीसाठी हैदराबादला नवाब मिर्झा खान 'दाग' यांच्याकडे टपालाने पाठवीत असे. दाग तेव्हा निजामाचे उस्ताद होते. अब्दुल कादिर सांगतात की ज्यांना प्रत्यक्ष येऊन बसणे शक्य नव्हते असे शेकडो लोक देशाच्या कानाकोपऱ्यांतून आपल्या गझला दागांकडे धाडीत, आणि त्या कामासाठी दागांना माणसे नेमून एक खातेच चालवावे लागे. अशा शिष्यांना उर्दूत नाव होते : 'गायबाना शागीर्द', म्हणजे समोर नसलेला शिष्य. टपालाची व्यवस्था नव्हती तेव्हा असे शिष्यत्व शक्यच नव्हते, हेही ते जाता जाता नोंदवतात.

आज संगणकासमोर बसून सर्जनशील लेखनाचा अभ्यासक्रम करणारा विद्यार्थी आपण काहीतरी अगदी नवे करतो आहोत असे समजतो. त्याला शिकवणारेही तसेच समजतात. पण गुरू एका गावी, शिष्य दुसऱ्या गावी आणि मध्ये फक्त कागद ही मांडणी दीडशे वर्षांहून जुनी आहे. अशा अभ्यासक्रमातून पुष्कळ काही पदरात पडावे असे ज्याला वाटते, त्याने आधी हे पूर्वज पाहावेत. काही जणांना या मांडणीतून फार मिळाले, काहींना नुसतीच पावती मिळाली. हा फरक कशामुळे पडला, एवढाच प्रश्न मी येथे विचारणार आहे.

पहिला बदल घडवला तो टपालखर्चाने. इंग्लंडात १८४० साली एका पेनीत कुठेही पत्र जाऊ लागले आणि त्याच वर्षी आयझॅक पिटमन यांनी लघुलेखनाचे धडे टपालाने देण्यास आरंभ केला. विद्यार्थ्याने उतारा लघुलिपीत लिहून पाठवायचा, तो तपासून परत यायचा. धडे पाठवणे ही काही मोठी गोष्ट नव्हती. छापील पुस्तक तेच काम करीत होते. उत्तर परत येते आणि त्यावर दुसऱ्या माणसाची शाई असते, हे नवे होते. हिंदुस्थानात १८५४ साली अंतर न पाहता वजनावर टपालाचा दर ठरला, तिकिटे आली, आणि दिल्लीहून रामपूर काय किंवा हैदराबाद काय, पत्राला सारखेच झाले.

या व्यवस्थेचा पहिला मोठा लाभार्थी मिर्झा गालिब. (जन्म आग्रा १७९७, मृत्यू दिल्ली १८६९.) गालिबची उर्दू पत्रे आपण गद्याचा नमुना म्हणून वाचतो, १८५७ नंतरच्या दिल्लीच्या वाताहतीचा दस्तऐवज म्हणून वाचतो. पण त्यांतील कितीतरी पत्रे मुळात गृहपाठ तपासून परत पाठवताना लिहिलेली आहेत. सिकंदराबादचे (बुलंदशहराजवळचे, आपल्या दक्षिणेतले नव्हे) मुन्शी हरगोपाल 'तफ्ता' हे त्यांचे लाडके शिष्य. ते फारसीत लिहीत. त्यांना गालिबने लिहिलेली शंभराहून अधिक पत्रे उपलब्ध आहेत. त्यांत विचारपूस आहे, थट्टा आहे, पैशांची ओढाताण आहे, आणि मध्येच अमुक शब्द असा का चालणार नाही याचे सविस्तर विवेचन आहे. तफ्ता एखाद्या प्रयोगाला हिंदुस्थानी कोशकाराचा किंवा कतीलसारख्या कवीचा आधार देत आणि गालिब उखडत. फारसीच्या बाबतीत कतीलचा दाखला त्यांना मुळीच मान्य नव्हता. आधार द्यायचा तर इराणी उस्तादांचा द्या, हा त्यांचा आग्रह. म्हणजे 'मला आवडले नाही' एवढ्यावर दुरुस्ती थांबत नसे. तिच्यामागे कारण असे, कारणामागे वाचन असे, आणि शिष्यालाही उलट दाखला देण्याची मुभा असे. दूरशिक्षणातला चांगला शेरा कसा असावा, याचा याहून स्वच्छ नमुना मला तरी ठाऊक नाही.

या दुरुस्तीला 'इस्लाह' म्हणतात. उस्ताद शेरातला एखादा शब्द बदलतो, कधी अख्खी ओळ फिरवतो, टाकाऊ शेरावर काट मारतो आणि जमलेल्या शेरावर 'साद' या अक्षराची खूण करतो. मूळ शेर आणि त्यांवरच्या इस्लाही शेजारी शेजारी छापणारी पुस्तकेही उर्दूत आहेत. सफदर मिर्झापुरी यांच्या अशा पुस्तकाचे नाव 'मश्शाता-ए-सुखन'. मश्शाता म्हणजे नवरीला सजवणारी. नाव गोड आहे, पण थोडे फसवे. चांगल्या इस्लाहीत सजावट वाढत नाही, बहुधा काहीतरी निघून जाते. असा संग्रह हाती आला तर त्यातला एक शेर घ्यावा, इस्लाह झाकावी, आपण काय बदलले असते ते लिहून काढावे आणि मग उस्तादाचा बदल पाहावा. हा अभ्यास तासभर व्याख्यान ऐकण्यापेक्षा जास्त शिकवतो. आजच्या अभ्यासक्रमात इतरांच्या मसुद्यांवर शिक्षकाने केलेल्या खुणा सर्वांना दिसतात. बहुतेक विद्यार्थी फक्त आपल्यावरच्या वाचतात. तीच खरी उधळपट्टी.

गालिबला या शिकवणुकीचे वेतनही मिळत होते. रामपूरचे नवाब यूसुफ अली खान १८५७ साली त्यांचे शागीर्द झाले आणि जुलै १८५९ पासून रामपूरहून दरमहा शंभर रुपये येऊ लागले. नवाबांच्या गझला दिल्लीस येत आणि सुधारून परत जात. पुढच्या नवाबांच्या, कल्ब अली खान यांच्या काळात एका फारसी शब्दप्रयोगावरून मतभेद झाला आणि म्हाताऱ्या गालिबला माघार घेऊन क्षमा मागावी लागली. पैसे देणारा शिष्य आणि पैसे घेणारा गुरू यांच्यातला हा पेच जुनाच आहे. शुल्क भरणाऱ्या विद्यार्थ्याला नाराज करू नये म्हणून आज प्रत्येक कवितेखाली 'छान प्रयत्न' लिहिणारा शिक्षक रामपूरच्या त्या पत्रांतून आपल्याला ओळखू येतो. फरक इतकाच की गालिब आधी भांडला होता.

दागांच्या काळात हे प्रकरण मोठे झाले. शिष्य शेकड्यांनी, मदतीला माणसे. शिवाय एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात 'गुलदस्ता' नावाची नियतकालिके निघत. लखनौचे 'पयाम-ए-यार' त्यांतले प्रसिद्ध. एक ओळ आधी जाहीर व्हायची (तिला 'मिसरा-ए-तरह' म्हणतात) आणि गावोगावचे कवी त्याच वृत्तात, त्याच यमकांत गझला रचून टपालाने पाठवायचे. पुढच्या अंकात त्या एकत्र छापल्या जायच्या. आपल्याकडच्या समस्यापूर्तीसारखाच हा खेळ. पण त्यात एक मोठे शिक्षण दडलेले होते. वृत्त तेच, यमके तीच, आणि शेजारच्या पानावर एक अनोळखी माणूस त्याच यमकातून आपल्याला न सुचलेली वाट काढतो. आपण कुठे कमी पडलो हे सांगायला मग उस्तादही लागत नाही. अभ्यासक्रमात दर आठवड्याला मिळणारा विषय म्हणजे अशी तरहच. पण आपले लिहून झाल्यावर त्याच विषयावरचे बाकीच्यांचे लेखन वाचण्याची तसदी घेतली तरच तिचा उपयोग. नाहीतर तो नुसता शाळेतला निबंध.

इक्बालांचे पुढे काय झाले? थोड्याच दिवसांत दागांनी कळवले की यात दुरुस्तीला फारसा वाव उरलेला नाही, आणि ते शिष्यत्व संपले. अल्पकाळचे, केवळ पत्रांवरचे हे नाते. तरी दाग १९०५ साली वारले तेव्हा इक्बालांनी त्यांच्यावर शोककविता लिहिली, आणि दागांनाही आपल्या हयातीत या शिष्याचा अभिमान वाटे, असे अब्दुल कादिरांनी स्वतः ऐकल्याचे लिहिले आहे. आता काम पुरे, हे सांगण्याची हिंमत हा गुरूचा मोठा गुण. वर्गणीवर चालणाऱ्या संस्थेला तो परवडत नाही.

इस्लाह नाकारणारे गुरूही झाले, आणि त्यांतले सर्वांत प्रसिद्ध राइनर मारिया रिल्के. फ्रान्झ काप्पुस या सैनिकी विद्यालयातल्या तरुणाने १९०२ साली आपल्या कविता त्यांना पाठवल्या. फेब्रुवारी १९०३ मध्ये पॅरिसहून उत्तर आले. त्यात रिल्के यांनी कवितांची समीक्षा करण्याचे टाळले आणि लिहिल्यावाचून आपण जगू शकू का, हे स्वतःलाच विचारून पाहण्यास सांगितले. १९०८ पर्यंत एकंदर दहा पत्रे गेली. काप्पुसने ती १९२९ मध्ये प्रसिद्ध केली आणि तेव्हापासून जगभरचे होतकरू कवी ती उशाशी घेऊन झोपतात. मला या पत्रांविषयी आदर आहे, पण अध्यापनाचा नमुना म्हणून त्यांच्याविषयी शंका आहे. काप्पुस पुढे पत्रकार झाला, कादंबरीकार झाला. कवी म्हणून कोणी त्याला ओळखत नाही. शिवाय त्याची स्वतःची पत्रे २०१९ पर्यंत जर्मनमध्येही पुस्तकात आली नव्हती. नव्वद वर्षे आपण या संवादाची एकच बाजू वाचत होतो आणि तिला संवाद म्हणत होतो. नामवंत लेखकाची ध्वनिचित्रित व्याख्याने ऐकून भारावणाऱ्या आजच्या विद्यार्थ्याची स्थिती याहून निराळी नाही. ऐकताना उंच गेल्यासारखे वाटते, पण वहीतली ओळ होती तिथेच राहते.

तरीही या पत्रव्यवहारात एक कृती अशी आहे की तिच्यासाठी रिल्के यांचे बाकी सारे माफ करावे. मे १९०४ मध्ये रोमहून लिहिताना त्यांनी काप्पुसचे एक सुनीत स्वतःच्या हस्ताक्षरात उतरवून त्याला परत पाठवले. आपलीच कविता परक्या अक्षरात, जणू दुसऱ्याची म्हणून वाचण्याचा अनुभव मोलाचा असतो, असा त्यांचा अभिप्राय होता. एक शब्द न बदलता केलेली ही इस्लाह आहे. संगणकावर ही सोय विनासायास मिळते. टंक बदला, कागदावर छापून घ्या, दुसऱ्या कोणाला मोठ्याने वाचायला सांगा. पण ती कोणी वापरत नाही, कारण मसुदा संपला की तो पाठवून देण्याची घाई असते. मुदतीच्या आदल्या रात्री लिहिणाऱ्याला परके अक्षर भेटतच नाही. अभ्यासक्रमाच्या मुदतीआधी आपली अशी दोन दिवसांची एक खासगी मुदत ठेवावी, हा सल्ला कोणी दिला असता तर मी त्याचा आभारी झालो असतो.

तिसरी तऱ्हा एमिली डिकिन्सनची. एप्रिल १८६२ च्या 'अटलांटिक' मासिकात टॉमस हिगिन्सन यांनी नवलेखकांना उद्देशून एक लेख लिहिला. तो वाचून अॅमहर्स्टच्या या एकांतवासी बाईने त्यांना चार कविता पाठवल्या आणि यांत प्राण आहे का, अशा अर्थाचा प्रश्न केला. हिगिन्सन भला माणूस. लय ओबडधोबड आहे, प्रसिद्धीची घाई करू नये, असे त्यांनी सुचवले. त्यानंतर ती त्यांना आयुष्यभर लिहीत राहिली, सुमारे शंभर कविता तिने पाठवल्या, आणि स्वतःला त्यांची विद्यार्थिनी म्हणवून घेतले. त्यांची दुरुस्ती मात्र तिने जवळजवळ कधीच स्वीकारली नाही. मग ती त्यांच्याकडून काय घेत होती? वाचक. सावधपणे वाचणारा, उत्तर देणारा, कधी गोंधळणारा एक माणूस. हिगिन्सन कुठे अडखळतो हे तिला कळत होते आणि तिथेच आपले काहीतरी वेगळे आहे हेही उमगत असावे. तो सांगतो ते औषध चुकीचे असेल, पण दुखते कुठे याची खूण बरोबर असू शकते. आपल्या मसुद्यावर पाच सहाध्यायी पाच वेगवेगळे उपाय सुचवतात तेव्हा गोंधळून न जाता पाचांचे बोट एकाच परिच्छेदावर आहे का, एवढेच आधी पाहावे. अर्थात डिकिन्सनचा दाखला देऊन प्रत्येक सूचना धुडकावणारेही पुष्कळ असतात. त्यांनी तिच्या हस्तलिखितांतल्या पर्यायी शब्दांच्या रांगा पाहाव्यात. बाई स्वतःची इस्लाह स्वतःच करीत होती, आणि ती हिगिन्सनहून कठोर होती.

विसाव्या शतकात याचा धंदा झाला. अमेरिकेत कनेटिकटमधल्या वेस्टपोर्ट येथे १९६१ साली 'फेमस रायटर्स स्कूल' निघाले. प्रकाशक बेनेट सर्फ आणि आणखी काही नामांकित लेखकांची छायाचित्रे जाहिरातींत झळकत. अभियोग्यता चाचणी भरून पाठवा, तुमच्यात गुण आहेत का ते आम्ही सांगू. गुण बहुतेकांत आढळत. शुल्क सातशे पंच्याऐंशी डॉलर, हप्त्यांनी त्याहून जास्त. जुलै १९७० च्या 'अटलांटिक'मध्ये (तेच मासिक, शंभर वर्षांनंतर!) जेसिका मिटफर्ड यांनी या संस्थेची चिरफाड केली. छायाचित्रांतले लेखक विद्यार्थ्यांचे काही वाचत नव्हते. विद्यार्थी हजारोंनी, घरोघरी फिरणारे विक्रेते शेकड्यांनी, आणि गृहपाठ तपासणारे काही डझन. हिशेब उघड होता. सर्व विद्यार्थ्यांनी सर्व धडे खरोखर लिहून पाठवले असते तर संस्था कोलमडली असती. बहुतेक जण मध्येच सोडतात या गृहीतावर तिचा नफा उभा होता. १९७२ च्या आरंभी तिचे दिवाळे निघाले.

या प्रकरणाकडे केवळ लबाडीची गोष्ट म्हणून पाहू नये. त्यात एक गणित आहे आणि ते आजही लागू पडते. लेखन शिकवताना व्याख्यान स्वस्त असते, लक्षपूर्वक वाचन महाग असते. व्याख्यान एकदा तयार केले की लाखांना पुरते. मसुदा मात्र प्रत्येकाचा वेगळा आणि तो वाचायला तितकाच वेळ लागतो. गालिबला लागत होता तितकाच. म्हणून अभ्यासक्रम निवडताना शिकवणाऱ्याचे नाव किती मोठे यापेक्षा माझी किती पाने, कोण, किती वेळा वाचणार, हे आधी विचारावे. उत्तर गुळमुळीत आले तर पैसे राखून ठेवावेत आणि त्यांची पुस्तके घ्यावीत.

मुक्त विद्यापीठांनी हे गणित बऱ्यापैकी प्रामाणिकपणे मांडले. ब्रिटनचे मुक्त विद्यापीठ १९६९ मध्ये स्थापन झाले आणि त्यांच्या पद्धतीत शिक्षकाने तपासायचा, सविस्तर शेरे देऊन परत करायचा स्वाध्याय हा कणा होता. आपल्याकडे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने (१९८५) तीच पद्धत घेतली आणि इंग्रजी सर्जनशील लेखनाची पदविकाही टपालाने दिली. दुसरीकडे आयोवा विद्यापीठाची लेखन-कार्यशाळा १९३६ पासून समोरासमोर बसण्याच्या पद्धतीवर उभी होती. बारा-पंधरा जण, टेबलावर एकाचा मसुदा, बाकीचे बोलणार आणि लिहिणारा गप्प बसणार. १९६७ मध्ये तेथे आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रम सुरू झाला आणि दिलीप चित्रे १९७५ साली तेथे गेले, हे मराठी वाचकांना ठाऊक आहे. याच आयोवाने २०१४ मध्ये कवितालेखनाचा विनाशुल्क, कोणालाही खुला असा अभ्यासक्रम महाजालावर चालवला. अशा खुल्या अभ्यासक्रमांत नाव नोंदवणारे हजारो आणि शेवटपर्यंत पोचणारे शेकडा दहाच्या आसपास, असा सर्वसाधारण अनुभव आहे. येथे कोणी फसवत नाही. पैसेही घेत नाही. तरी गळती तीच. यावरून असे दिसते की माणसाला अभ्यासक्रमात टिकवते ती भरलेली रक्कम नव्हे. आपल्या पानाची कोणीतरी वाट पाहत आहे ही जाणीव त्याला टिकवते. म्हणून मोठ्या अभ्यासक्रमात शिरलेल्याने पहिल्याच आठवड्यात तीन-चार जण हेरावेत. आपल्यासारखेच लिहिणारे नकोत, ज्यांच्या शेऱ्यात एखादा विशिष्ट शब्द किंवा ओळ दाखवलेली असते असे हवेत. त्यांचे आपण आधी नीट वाचावे. अभ्यासक्रम सहा आठवड्यांत संपतो, ही माणसे उरू शकतात.

कार्यशाळेतले ते गप्प बसणे पडद्यासमोर विशेष अवघड जाते. शेरा आला की खाली उत्तर लिहायची जागा रिकामी दिसते आणि बोटे शिवशिवतात : मला तसे म्हणायचे नव्हते, नायिका मुद्दामच तशी आहे, वगैरे. तफ्तालाही पत्र दिल्लीहून सिकंदराबादला येईपर्यंत थांबावे लागे आणि उत्तर जाईपर्यंत राग निवत असे. टपालाने लादलेला तो विलंब आता आपला आपण पाळावा लागतो.

मराठीत असे गायबाना शिष्यत्व नव्हते असे नाही. 'सत्यकथे'च्या कचेरीतून श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन नव्या लेखकांना पत्रे लिहीत, कथा परत पाठवताना कारणे देत, पुन्हा लिहायला लावीत. १९८२ मध्ये 'सत्यकथा' बंद झाली तेव्हा एका मासिकाबरोबर न जाहीर केलेली एक शाळाही बंद झाली, असे मी म्हणेन. तिच्यावर सांकेतिकतेचे आक्षेप होते, १९६९ मध्ये तिची होळीही झाली, आणि ते आक्षेप निराधार नव्हते. पण भांडायला समोर एक ठाम वाचक होता.

आणि सुरेश भट. उर्दूची इस्लाहपरंपरा मराठीत कोणी राबवली असेल तर ती त्यांनी. माधव जूलियनांनी 'गज्जलांजलि' (१९३३) लिहून रचनेचा मार्ग दाखवला होता. भटांनी नव्या कवींसाठी 'गझलेची बाराखडी' लिहिली आणि होतकरूंना ती पाठवली. जमीन म्हणजे काय, यमक कुठे, अंत्ययमक कुठे, अलामत कशी सांभाळायची, प्रत्येक शेर ही स्वतंत्र कविता कशी. सगळे रोखठोक. बाराखडी हा शब्दही त्यांनी नेमका निवडला. प्रतिभा कशी जागवावी याबद्दल त्यात काही नाही. अक्षरे कशी गिरवावीत हे आहे. विदर्भातल्या, मराठवाड्यातल्या आडगावांतून, जिथे ना कार्यशाळा ना ग्रंथालय, तिथून गझला नागपूरला जात आणि खुणा होऊन परत येत. २००३ साली भट गेले. त्यांच्या खुणा असलेले कागद आजही कितीतरी गझलकारांच्या घरी जपलेले असतील. ते गोळा करून मूळ शेर आणि दुरुस्त शेर समोरासमोर छापले पाहिजेत, म्हणजे मराठीलाही आपला 'मश्शाता-ए-सुखन' मिळेल. विद्यापीठांच्या मराठी विभागांतून दरवर्षी इतके प्रबंध होतात. एखाद्याने हा विषय घ्यावा. कागद टिकतात तोवरच हे काम होण्यासारखे आहे.